काउन्सेलिंगच्या कोर्सला ॲडमिशन देताना पर्सनॅलिटी टेस्ट लावावी का

प्रश्न निपाणीकडच्या एका कॉलेजातल्या मॅडमचा आहे. त्यांच्याकडे समुपदेशनाचा एक वर्षाचा पीजी डिप्लोमा चालतो, सीटा ३० आणि यंदा अर्ज १४० च्या घरात. नुसत्या पदवीच्या मार्कांवर यादी लावली तर कामाची माणसं बाहेर राहतात, इंटरव्ह्यू ठेवला तर वशिल्याचे फोन सुरू होतात, म्हणून संस्थेच्या मीटिंगमध्ये जवळजवळ ठरलंय की एका कंपनीची रेडिमेड पर्सनॅलिटी टेस्ट ऑनलाइन घ्यायची आणि तिच्या स्कोअरवर मेरिट लिस्ट लावायची. हे शास्त्राला धरून आहे का, आणि नसेल तर आम्ही करायचं काय, असं त्यांनी विचारलंय.

मॅडम, त्या टेस्टच्या स्कोअरवर कुणालाही आत घेऊ नका आणि कुणालाही बाहेर काढू नका. मी बेळगावात २४ वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते, टेस्टिंग हे माझं रोजचं काम आहे, आठवड्यात असा दिवस जात नाही की टेबलावर कुठली ना कुठली चाचणी मांडलेली नाही. त्यामुळे मी टेस्टच्या विरोधात बोलतेय असं समजू नका. चाचणी काय सांगू शकते आणि काय नाही हे रोज डोळ्यांनी बघते म्हणूनच सांगतेय.

आधी एक गोंधळ मिटवू. सायकॉलॉजिकल टेस्ट म्हटलं की लोक तीन वेगळ्या गोष्टी एकात घालतात. एक, क्षमतेची चाचणी, म्हणजे आकडेमोड, भाषा, तर्क, यात बरोबर उत्तर असतं आणि खोटं सांगून मार्क वाढत नाहीत. दुसरी पर्सनॅलिटीची प्रश्नावली, यात माणूस स्वतःबद्दल जे सांगेल तेच मोजलं जातं. तिसरी क्लिनिकल चाचणी, आजार आहे का बघायची, ती दवाखान्यात पेशंटच्या भल्यासाठी वापरायची असते. कॉलेजनं ॲडमिशनसाठी पहिली वापरली तर समजू शकते. दुसरीवर मेरिट लावणं कच्चं काम आहे. तिसरी तर ॲडमिशनच्या टेबलाजवळसुद्धा आणू नये. कंपन्या बऱ्याचदा तिन्हीचं मिश्रण एकाच पॅकेजमध्ये विकतात आणि त्याला सायकोमेट्रिक असं वजनदार नाव देतात, म्हणून हे आधी सांगितलं.

या चाचण्या सुरू कशासाठी झाल्या तेही बघा. १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली बुद्धीची चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळं शिकवता यावं म्हणून, गाळायला नव्हे. ती अमेरिकेत गेली आणि गाळणी झाली. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या घेतलेल्या चाचण्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं की दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीनं कमी आहेत, आणि याच ब्रिगमनी पुढे कॉलेज प्रवेशासाठीची एसएटी परीक्षा तयार केली, ती १९२६ मध्ये पहिल्यांदा झाली. पण १९३० मध्ये त्यांनी स्वतःच छापून कबूल केलं की माझे ते निष्कर्ष टिकणारे नाहीत. त्यांनी जे कारण दिलं ते मला फार जवळचं वाटतं, एखाद्या भाषेतली टेस्ट लावून माणसांची तुलना करायची तर ती भाषा शिकायची सारखी संधी त्या सगळ्यांना मिळालेली असली पाहिजे.

हे वाक्य आपल्या भागासाठीच लिहिलंय असं वाटतं. खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीच्या पुढच्या एखाद्या गावातली मुलगी घरात मराठी बोलते, शाळा मराठी, बाजारात आणि बसमध्ये कन्नड, कॉलेजात पुस्तकं इंग्लिश. हुक्केरी, गोकाककडचा मुलगा घरात आणि शाळेत कन्नड. बेळगावातल्याच कितीतरी मुली उर्दू मीडियमच्या. या सगळ्यांना एका खोलीत बसवून इंग्लिशमधली १५० वाक्यं द्यायची, हो किंवा नाही वर क्लिक करायचं, आणि वर म्हणायचं आम्ही स्वभाव मोजला. स्वभावाच्या आधी इंग्लिश मोजलं जातं, ते किती मोजलं गेलं हे शेवटी कुणालाच वेगळं काढता येत नाही. तुमच्या पत्रात आहे की कंपनी हिंदीतही देते. हिंदीनं आपल्याकडे काय सुटणार सांगा.

आणि अडचण शब्दाच्या अर्थापुरती नाही. टेस्टमधले प्रश्न जसेच्या तसे सांगत नाही, ती गुप्तता पाळावी लागते, पण धाटणी सांगते. पार्ट्यांना जायला तुम्हाला आवडतं का, असा एक प्रकार असतो, माणूस मिळूनमिसळून वागणारा आहे का हे बघायला. आपल्याकडे पार्टी म्हणजे एक तर राजकारणातली, नाही तर दारूची. चांगल्या घरातली पोरगी नाही म्हणणारच, आणि तिचा स्कोअर एकलकोंडी म्हणून येणार, ती गल्लीतल्या प्रत्येक लग्नात पोळ्या लाटायला पुढे असते तरी. लोक तुमच्याबद्दल बोलतात असं वाटतं का, असा दुसरा प्रकार. गावातनं रोज सकाळच्या एसटीनं बेळगावला शिकायला येणाऱ्या मुलीबद्दल लोक खरंच बोलतात, तिनं हो म्हटलं तर तो संशयी स्वभाव कसा. तिसरा प्रकार, इतरांचा विश्वास बसणार नाही असे अनुभव तुम्हाला आलेत का. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या घरातल्या एका मुलीनं यावर हो लिहिलं होतं, कारण तिच्या आजीच्या अंगात यायचं आणि ते ती लहानपणापासून बघत आली होती. रिपोर्टमध्ये त्या ओळीपुढे लाल खूण. ती रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली, "मॅडम, मी खरं तेच लिवलो की, खोटं लिवायला पायजे होतं काय?" तिला काय उत्तर द्यावं हे मला पटकन सुचलं नाही.

वाईट याचं वाटतं की आपल्याच मुलखात हे काम कुणीतरी नीट करून दाखवलं होतं. धारवाड, बेळगाव मुंबई इलाख्यात होते तेव्हा व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचणीचं रूपांतर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी केलं, त्यावरचा त्यांचा लेख १९३४ चा आहे. बिने-कामत टेस्ट म्हणून आपण क्लिनिकमध्ये आजही तिचं नाव घेतो. ९० वर्षांपूर्वी हाताशी कॉम्प्युटर नसताना हे झालं आणि आज आपण तयार इंग्लिश लिंक पाठवून मोकळे होतोय. भाषेची सोय होत नाही असं म्हणायलाही जागा नाही, आपल्याकडे मेडिकल प्रवेशाची नीट आणि विद्यापीठ प्रवेशाची सीयूईटी या परीक्षा मराठी, कन्नड धरून १३ भाषांत होतात, इस्रायलमध्ये विद्यापीठ प्रवेशाची सायकोमेट्रिक परीक्षा हिब्रूबरोबर अरबी, रशियन अशा भाषांतही देता येते. फक्त नुसतं भाषांतर करून भागत नाही, ती वाक्यं त्या लोकांवर आधी लावून बघावी लागतात, त्यांचे वेगळे नॉर्म्स, म्हणजे त्या लोकांत साधारण किती स्कोअर पडतो ते आकडे, काढावे लागतात.

आता आकड्यांकडे येते, कारण मीटिंगमध्ये तुम्हाला आकडेच विचारतील. पर्सनॅलिटीतला जो गुण शिक्षणातल्या यशाशी सगळ्यात जास्त जुळतो तो म्हणजे नेटानं, शिस्तीनं काम करायची वृत्ती, आणि मोठमोठे अभ्यास एकत्र करून बघितलं तरी त्याचा मार्कांशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) साधारण ०.२ च्या आसपास येतो. ०.२ चा वर्ग ०.०४, म्हणजे मुलामुलांत जो फरक पडतो त्यातला १०० पैकी ४ भाग त्यातनं समजतो, उरलेले ९६ भाग दुसरीकडे. संशोधनाला हे पुरतं. एका मुलीचं वर्ष ठरवायला अजिबात पुरत नाही. आणि हे मार्कांबद्दल झालं, काउन्सेलर म्हणून ती पुढे कशी होईल हा तर त्याहून वेगळा प्रश्न.

दुसरं, प्रत्येक स्कोअरला चूक चिकटलेली असते. समजा टेस्टची सरासरी १००, प्रमाण विचलन, म्हणजे स्कोअरचा पसारा, १५ आणि विश्वसनीयता, म्हणजे परत घेतली तर स्कोअर किती जुळतो ते, १ पैकी ०.८४, हे चांगल्या टेस्टचे आकडे धरलेत, तरी मोजमापाची चूक ६ येते, दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरायची, म्हणजे ज्याला १०३ पडले त्याचा खरा आकडा ९१ ते ११५ मध्ये कुठेही असू शकतो. तुमच्या ३० व्या आणि ३१ व्या नंबरात एखाद्या मार्काचा फरक असणार. त्या एका मार्काला काही अर्थ नाही, पण यादीत त्याच्यावरनं रेघ मारली जाईल.

संस्थेतले लोक म्हणतील, आम्हाला मेरिट नको, निदान अजिबात न जमणारी माणसं तरी बाहेर काढू. तर हे गणित त्यांच्यासमोर मांडा. समजा १०० अर्जदारांत १० जण खरोखर या कामाला योग्य नाहीत. आणि समजा टेस्ट इतकी भारी आहे की त्या १० मधले ८ बरोबर पकडते आणि योग्य असलेल्या ९० मधल्या फक्त पाचव्या हिश्श्याला चुकून अयोग्य ठरवते. म्हणजे ८ खरे आणि १८ खोटे, मिळून २६ जण बाहेर, त्यातले १८ निर्दोष. आणि इतकी भारी टेस्ट तुम्हाला कोण विकत देणार नाही.

हे मी फक्त कागदावरनं सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेनं अशाच कोर्ससाठी मला स्क्रीनिंग करायला बोलावलं होतं आणि मी ते केलं, तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. चिक्कोडीकडच्या एका बाईंचा चिंतेचा स्कोअर खूप वर आला, मी शेऱ्यात सध्या शिफारस करता येत नाही असं लिहिलं, त्यांची ॲडमिशन झाली नाही. नंतर दुसऱ्याच कामानिमित्त कळलं की टेस्टच्या तीन महिने आधी त्यांचे यजमान वारले होते. तो स्कोअर त्या बाईंचा नव्हता, त्या तीन महिन्यांचा होता. फॉर्ममध्ये ते विचारायला जागाच नव्हती आणि मीही विचारलं नाही. पुढे त्यांनी गावातल्या बचत गटाच्या बायकांसाठी इतकं काम केलं, दारू पिणाऱ्या नवऱ्यांच्या बायका त्यांच्याकडे रात्री-अपरात्री येऊन बसतात, ऐकून घेण्याची जी ताकद आम्ही कोर्समध्ये शिकवायला बघतो ती त्यांच्यात आधीच होती. मी त्यांना जाऊन भेटले, माझी चूक सांगितली. त्यानंतर निवडीसाठी क्लिनिकल टेस्ट लावायचं काम मी कधीच घेतलं नाही.

काउन्सेलिंगच्या कोर्सला तर हा धोका जास्तच आहे. ज्यानं स्वतः डिप्रेशन काढलंय, औषधं घेतलीत, त्यातनं वर आलाय, असा माणूस या कोर्सला मुद्दाम येतो, आणि तो प्रश्नावलीत खरं लिहितो. ज्याला उत्तरं कशी पाहिजेत ते समजलंय तो सगळीकडे गोड गोड लिहून वर जातो. म्हणजे ज्या कामात प्रामाणिकपणा सगळ्यात मोठा त्याच कामाच्या दारात आपण प्रामाणिक माणसाला अडवणार. आणि कायद्याचंही बघा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आणि शिकण्यातली अक्षमता दोन्ही येतात, आजाराची खूण काढून त्यावर प्रवेश नाकारला तर संस्थेला उत्तर देणं जड जाईल.

मीटिंगमध्ये कुणीतरी नक्की म्हणणार की मिलिटरीत घेतात की हो सायकॉलॉजी टेस्ट, मग आपण का नको. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, घराघरात कुणी ना कुणी एसएसबीला, म्हणजे लष्करी अधिकारी निवडायच्या बोर्डाला, जाऊन आलेला असतो, त्यामुळे हा मुद्दा येणारच आणि तो चुकीचाही नाही. एनडीएच्या पोरांना शेवटी जेएनयूची पदवी मिळते, म्हणजे मानसशास्त्रीय चाचणी घेऊन पदवीच्या शिक्षणाला निवड करायचं आपल्या देशातलं ते मोठं उदाहरण आहे. पण तिथं होतं काय ते बघा. आधी यूपीएससीची लेखी, मग पाच दिवसांचं एसएसबी. चित्र बघून गोष्टी लिहायच्या, ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, ६० प्रसंग ३० मिनिटांत, स्वतःबद्दल लिहायचं, हे सगळं एक सायकॉलॉजिस्ट वाचतो. दुसरा अधिकारी मैदानावर ग्रुपमध्ये बघतो, तिसरा इंटरव्ह्यू घेतो, तिघं आपापलं मत वेगवेगळं बनवतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. मागे १९४९ पासून चालत आलेली संरक्षण खात्याची मानसशास्त्र संशोधन संस्था आहे. यातला एक तुकडा उचलून ४० मिनिटांची ऑनलाइन लिंक केली तर ते एसएसबी होत नाही. उलट एसएसबीतनं शिकायचं असेल तर हे शिका की तीन माणसांनी तीन बाजूंनी, एकमेकांशी न बोलता बघायचं.

त्यावरनंच तुम्ही काय करावं ते सांगते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेडिकलच्या ॲडमिशनसाठी एक पद्धत बसवली, मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, आता ती जगभर वापरतात. एका लांबलचक इंटरव्ह्यूऐवजी छोटी छोटी स्टेशनं, प्रत्येक स्टेशनवर एक परीक्षक, एक प्रसंग, काही मिनिटं, घंटा वाजली की पुढे. तुम्ही ६ स्टेशनं ठेवा, ७ मिनिटं बोलायला आणि १ मिनिट जागा बदलायला. ६ अर्जदारांची एक फेरी ४८ मिनिटांत होते. पदवीचे मार्क आणि हातानं लिहिलेलं एक पान बघून १४० चे ७२ करा, त्यांच्या १२ फेऱ्या, जवळजवळ १० तास, शनिवार-रविवार दोन दिवसांत आरामात होईल. आणि तुमचा वशिल्याचा प्रश्न इथंच बराच सुटतो, कारण एका परीक्षकाला फोन आला तरी त्याच्या हातात सहातला एकच हिस्सा आहे, आणि कुणाच्या स्टेशनवर कोण बसणार ते त्या दिवशी सकाळी चिठ्ठी टाकून ठरवा.

प्रसंग इथले घाला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणारी बाई सांगते की मुलगी १६ वर्षांची आहे आणि लग्न ठरवलंय, तुम्ही काय बोलाल. ऊसबिल अडकलेला शेतकरी येऊन नुसता गप्प बसतो, काहीच बोलत नाही, ७ मिनिटं तुम्ही काय करता. मैत्रिणीनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट तिच्या जिवावर बेतणारी आहे, कुणाला सांगाल का. एका स्टेशनवर पेशंटचं सोंग घ्यायला नाटकातली एखादी बाई बसवा, आपल्याकडे हौशी कलाकारांना तोटा नाही. अर्जदारानं मराठी, कन्नड, हिंदी, इंग्लिश यातली कुठलीही भाषा घ्यावी, मधे बदलावी, आपण रोज तसंच बोलतो. परीक्षक म्हणून नुसते प्राध्यापक नकोत, तालुक्याच्या दवाखान्यातल्या काउन्सेलर, अंगणवाडीच्या सुपरवायझर, एखादी निवृत्त हेडमास्तरीण घ्या, आणि त्यांना आधी एक दिवस बसवून कशाला ५ मार्क आणि कशाला १ हे उदाहरणांसकट लिहून द्या. ते लिहून दिलं नाही तर परत जुनाच इंटरव्ह्यू होतो, चेहरा बघून मार्क.

पण हीसुद्धा पद्धत चालते का ते तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. सगळे मार्क सीलबंद ठेवा, फील्डवर्कच्या सुपरवायझरना दाखवू नका, वर्षाच्या शेवटी त्यांचं मत घेऊन मग दोन्ही शेजारी ठेवून बघा. एका वर्षाच्या ३० जणांत काही ठाम दिसणार नाही, तीन वर्षं गोळा करा. आणि संबंध थोडा दिसला तर निराश होऊ नका, कारण जे बाहेर राहिले त्यांचं पुढे काय झालं ते तुम्हाला दिसतच नाही, पोलिस भरतीत सगळे उंचच घेतले की उंचीचा आणि कामाचा संबंध दिसायचा बंद होतो, तसं.

ती विकत घ्यायची टेस्ट संस्थेला घ्यायचीच असेल, तर ब्रोशरवर जाऊ नका, टेक्निकल मॅन्युअल मागा. विश्वसनीयता किती, कशाचं भाकीत करते म्हणून तपासलीय, नॉर्म्स कुठल्या लोकांवर काढलेत, मराठी आणि कन्नडमध्ये लावून बघितलीय का, हे चार प्रश्न लेखी विचारा, लेखी उत्तर आलं नाही तर विषय संपला. चार अक्षरी प्रकार सांगणारी जी प्रसिद्ध एमबीटीआय आहे तिची कंपनी स्वतःच सांगते की निवडीसाठी वापरू नका. मॅन्युअल चांगलं निघालं तरी ॲडमिशन झाल्यावर वापरा, मुलांच्या परवानगीनं, त्यांना स्वतःला ओळखायला मदत म्हणून, महाराष्ट्रात दहावीच्या पोरांची कलचाचणी घेत होते तशी, तिच्यावरनं कुणाची सीट जात नव्हती. रिपोर्ट मुलाच्या हातात आणि एका क्वालिफाइड माणसाकडे, संस्थेच्या ऑफिसात त्याची फाइल नको.

आणि हे सगळं करायच्या आधी युनिव्हर्सिटीला एक पत्र लिहून घ्या की या डिप्लोमाची निवड कॉलेजनं ठरवायची मुभा किती, आरक्षणाचा रोस्टर कसा लावायचा. ते नसेल तर नंतर कुणी हरकत घेतली की चांगली पद्धतही मोडीत निघते.

प्रसंग लिहायला आत्ताच बसा, मराठी आणि कन्नड लिहिणारे वेगळे ठेवा, एकानं दुसऱ्याचं भाषांतर करू नये, नंतर दोन्ही शेजारी ठेवून जुळतात का बघा. कच्चे १०-१२ झाले की घेऊन या, गुरुवारी दुपारनंतर माझ्या क्लिनिकला गर्दी कमी असते, आपण एकेक वाचून बघू आणि आधी तुमच्या जुन्या बॅचच्या चार-पाच मुलींवर लावून बघू.